टिटवीचं ‘ना’

मंगळवार, ११ मार्च. वारा पडलेला, उकाडा. दूधवाला उशिरा आला. पडदे धुऊन वाळले, परत लावले. भाचीची परीक्षा होती. दुपारी आली ती नापास होऊन. जेवली नाही. संध्याकाळी दुधाचं पातेलं करपलं. भाचीने घासलं, पण बुडाचा डाग गेला नाही.

मावशीच्या रोजनिशीतल्या त्या पातेल्याची हकीकत अशी. टिटवी न्हाणीघरात आपला पाण्यातला सूट पिळत होती. तिथूनच तिने विचारलं, “मावशी, गॅस बंद केलास ना?” पुढच्या खोलीत खिडकीशी बसून उशीच्या अभ्र्याला टाके घालणारी मावशी म्हणाली, “हो.” थोड्या वेळाने करपल्याचा वास आधी शेजाऱ्यांना आला आणि मग या दोघींना.

“तू हो म्हणालीस,” टिटवी पातेलं नळाखाली धरत म्हणाली.

“म्हणाले असेन.”

“मग बंद का नाही केलास?”

“अगं, दूधच गेलंय, घर नाही गेलं. तू आधी दोन घास खा.”

टिटवीने घास खाल्ला नाही. एरवी तिने या पातेल्यावरून तासभर भांडण रंगवलं असतं. त्या दिवशी ती नुसती घासत राहिली.

टिटवी हे काही तिचं खरं नाव नव्हे. लहानपणी तिचं तोंड म्हणून मिटत नसे, झोपेतसुद्धा बडबडायची. वडील म्हणाले, ही पोर कसली, टिटवी आहे, आणि नाव चिकटलं ते चिकटलंच. शाळेच्या हजेरीत दुसरं नाव होतं, पण त्या नावाने हाक मारली तर तीच मागे वळून बघायची, कुणाला बोलावताहेत म्हणून. अशा मुलीने धंदा कोणता निवडावा, तर पाण्याखाली जाण्याचा, जिथे तोंडात हवेची नळी असते आणि शब्द काढायची सोयच नाही. आई फोनवर म्हणाली होती, “चला, तेवढा वेळ तरी जगाला शांतता.”

नोकरीसाठी ती मावशीकडे राहायला आली. मावशीचे यजमान जाऊन काही वर्षं झाली होती, मागची खोली रिकामी होती. बंदराच्या मागच्या रस्त्यावर कप्तानचं डायव्हिंगचं दुकान. कप्तानकडे जहाज कधीच नव्हतं. एक जुनी टोपी होती, तेवढ्यावर तो कप्तान. टिटवी त्याच्याकडे हवेचे सिलिंडर भरायची, रबरी सूट गोड्या पाण्यात बुचकळून वाळत घालायची, पाहुण्यांच्या पायांना बसतील असे रबरी पंखे शोधून द्यायची. पाण्यात उतरली की मासोळी. दुकानातला जुना शिक्षक मे महिन्यात गाव सोडणार होता, आणि त्याची जागा कप्तानने तिच्यासाठी धरून ठेवली होती. अट एकच, शिक्षकाचं प्रमाणपत्र हवं.

“टिटवीसुद्धा समुद्र आटवते म्हणतात,” मावशीने तिला धीर देत म्हटलं होतं.

ते कप्तानच्या कानावर गेलं तेव्हा तो म्हणाला, “आटवू नकोस बाई, माझा धंदा त्याच्यावर आहे. फक्त पास हो. नाहीतर मला बाहेरून माणूस आणावा लागेल. आणि एकदा आणल्यावर त्याला काय सांगू, घरी जा, आमची टिटवी पास झाली?”

आणि पहिल्याच फटक्यात टिटवी नापास झाली.

परीक्षा पोहण्याच्या तलावात होती. परीक्षक बाई बाहेरगावाहून आलेल्या, केस बारीक कापलेले, बोलणं मोजकं. परीक्षेची रीत अशी, की इतर उमेदवारांनी विद्यार्थी व्हायचं आणि बाईंनी त्यांना गुपचूप एकेक चूक करायला सांगायची. शिकवणाऱ्याने ती चूक ओळखायची. टिटवीच्या वाट्याला धडा आला मास्कमध्ये शिरलेलं पाणी बाहेर काढण्याचा. हा धडा ती झोपेत करू शकत होती. मास्कची वरची कड दाबायची, नाकाने हळूहळू हवा सोडायची, पाणी खालून निघून जातं. तिने करून दाखवलं, मग समोर विद्यार्थी होऊन गुडघे टेकून बसलेल्या तिच्या मित्राला, लंबूला, हाताने विचारलं: अंगठा आणि तर्जनी जुळवून गोल. ठीक? लंबूने गोल केलं. ठीक. टिटवी पुढच्या विद्यार्थ्याकडे वळली आणि तिच्या पाठीमागे लंबू, ठरल्याप्रमाणे, अर्धा मास्क पाण्याने भरलेला असताना श्वास कोंडून सरळ वर निघाला.

पाण्याखाली शिकवणाऱ्याला पहिल्या दिवशी सांगतात ते हेच. वर येताना श्वास कोंडायचा नाही. छातीतली हवा वर येता येता फुगते, आणि बाहेर जायला वाट नसली की आतल्या आत फाडते. लंबू नाटक करत होता म्हणून निभावलं.

“खोटं बोलला तो,” बाहेर आल्यावर टिटवी कप्तानला म्हणाली. “मी विचारलं त्याला. ठीक आहेस ना, विचारलं. ठीक म्हणाला.”

लंबू टॉवेलने कान पुसत होता. “मी कुठे काय म्हणालो? तू हात केलास, मी हात केला. बाईंनी तेच सांगितलं होतं.”

“बघितलंस? याला म्हणतात मित्र.”

“मित्र आहे म्हणून वर गेलो. शत्रू असतो तर खालीच बुडालो असतो.”

कप्तान हसला नाही. “पुढची परीक्षा एप्रिलअखेर,” म्हणाला. “तोपर्यंत तू माझ्याबरोबर खऱ्या विद्यार्थ्यांना घेऊन उतरायचं. मी बाजूला असेन.”

खरा विद्यार्थी आला तो दंतवैद्य. चाळिशीचा, गोलमटोल, स्वभावाने इतका भिडस्त की सूट घट्ट होतो हेसुद्धा त्याने श्वास लागल्यावर सांगितलं. टिटवीने तलावाच्या काठावर बसवून त्याला सगळं समजावलं. तिचं समजावणं म्हणजे धबधबा. “हे बघा डॉक्टर, मास्क थोडा उचलायचा, पाणी आत येईल, येऊ द्यायचं, घाबरायचं नाही ना, मग वरून दाबायचं, नाकाने हवा सोडायची, सोपं आहे ना? समजलं ना?”

“हो हो,” दंतवैद्य म्हणाला.

पाण्याखाली तिने विचारलं, ठीक? तो म्हणाला, ठीक. मास्क उचला, तिने खुणावलं. दंतवैद्याने मास्क उचलला, पाणी आत आलं, आणि नाकाने हवा सोडण्याऐवजी त्याने ती आत ओढली. पुढचं सगळं एका क्षणात. डोळे विस्फारले, गाल फुगले, दोन्ही हात वर. टिटवी त्याच्याकडे झेपावली, पण आधी पोचला कप्तान. एका हाताने त्याने दंतवैद्याचा खांद्याचा पट्टा धरला, दुसरा हात त्याच्या डोळ्यांसमोर नेऊन बोटांनी दाखवलं, सोड, हवा सोड. बुडबुडे निघाले. दोघे सावकाश वर आले. तलाव तिथे पुरुषभर खोल होता, दंतवैद्याला खोकल्यापलीकडे काही झालं नाही. लंबूचं नाटक होतं. हे नाटक नव्हतं.

काठावरच्या बाकावर दंतवैद्य नाक शिंकरत बसला होता. टिटवी त्याच्यासमोर उभी राहिली. “डॉक्टर, तुम्ही मला ठीक म्हणालात.”

“अहो, तुम्ही गोल केलंत, मी गोल केलं. तुम्ही टाटा केला असतात तर मीही टाटा केला असता.”

“पण वर असताना मी विचारलं होतं, समजलं ना?”

दंतवैद्य ओशाळला. “समजलं ना असं विचारल्यावर नाही कोण म्हणेल हो? त्यातून मी डॉक्टर. नाक कधी वापरायचं तिथेच माझा गोंधळ झाला होता. विचारणार होतो, तोवर तुम्ही पुढे गेलात.” मग तो स्वतःशीच हसला. “मीही तेच करतो म्हणा. पेशंटच्या तोंडात चार हत्यारं घालतो आणि विचारतो, दुखत नाही ना? तो म्हणतो, आँ. मी समजतो, नाही दुखत.”

तो गेल्यावर कप्तानने टिटवीला रबरी सुटांच्या टबापाशी बोलावलं. रागावलेला दिसत नव्हता, हेच तिला जास्त लागलं.

“चूक कळली?”

“मी त्यांच्या जास्त जवळ राहायला हवं होतं.”

“ते तर आहेच. पण तुझी चूक पाण्यात नाही झाली, काठावर झाली. तुझ्या प्रत्येक वाक्याच्या शेपटीला ‘ना’ लोंबकळतं. सोपं आहे ना, समजलं ना, घाबरत नाही ना. समोरच्याला फक्त मान हलवायचं काम ठेवतेस. नंदीबैलसुद्धा पास होईल तुझ्या वर्गात.”

“पण खाली तर खूणच ती आहे. प्रश्नही गोल आणि उत्तरही गोल.”

“म्हणून तर म्हणतो. खालीही तेच आणि वरही तेच. आजपासून ज्याचं उत्तर ‘हो’ येईल असा एकही प्रश्न विचारायचा नाही. दुकानात नाही, रस्त्यात नाही, घरी नाही. ‘ना’ निघालं की हा टब तुझा.”

त्या आठवड्यात टिटवीने जेवढे सूट धुतले तेवढे आख्ख्या वर्षात धुतले नसतील. दुकानात आलेल्या माणसाला ती म्हणायची, “बसा ना,” आणि कप्तान न बोलता टबाकडे बोट दाखवायचा. तो प्रश्न नाही, अशी तिने तक्रार केली. कप्तान म्हणाला, शेपूट तर आहे. लंबू मुद्दाम येऊन विचारायचा, “आज काय, मजेत ना?” म्हणजे तिने चिडून तसंच काहीतरी म्हणावं. सांगायला सोपं, पण जन्मभराची सवय जिभेवरून काढणं म्हणजे खडकाला चिकटलेली शिंपली नखाने काढण्यासारखं.

घरी तिची विद्यार्थिनी मावशी. हे पहिल्या परीक्षेच्या आधीपासून चालू होतं. संध्याकाळचा चहा झाला की जेवणाच्या टेबलावर कपबशा बाजूला सारून टिटवी धडा समजावून सांगायची आणि मावशी हात मांडीवर ठेवून, ताठ बसून, हसऱ्या चेहऱ्याने ऐकायची. “समजलं ना, मावशी?” “हो.” इतकी गुणी विद्यार्थिनी साऱ्या गावात नव्हती. नापास झाल्यावर टिटवीला सगळ्यात नवल याचंच वाटलं होतं, की मावशीला एवढं समजलं तर परीक्षक बाईंना काय धाड भरली.

त्या आठवड्यातल्या एका संध्याकाळी तिने धडा नेहमीसारखाच सांगितला. शेवटी ‘समजलं ना’ ओठांवर आलं, ते गिळलं आणि विचारलं, “मावशी, मास्कमध्ये पाणी आलं की आधी काय करायचं?”

मावशी हसली. “हो.”

“हो नाही. काय करायचं?”

मावशीने टेबलावर नजर फिरवली आणि साखरेचा डबा पुढे सरकवला.

टिटवीला आधी हसू आलं. मग ते थांबलं. स्वयंपाकघरातला नळ ठिबकत होता, दोन महिने ठिबकत होता. तिने त्याबद्दल किती वेळा सांगितलं होतं, आणि मावशी प्रत्येक वेळी हो म्हणाली होती. ती उठून नळापाशी गेली, मावशीकडे पाठ केली आणि नेहमीच्या आवाजात म्हणाली, “हा नळ कधीपासून ठिबकतोय?”

वळून बघितलं तर मावशी बशीवरचे चहाचे थेंब रुमालाने टिपत होती.

टिटवी परत येऊन समोर बसली. या वेळी चेहऱ्यासमोर चेहरा आणून, सावकाश म्हणाली, “मावशी, कधीपासून ऐकू येत नाही?”

मावशीने रुमालाची घडी केली. ती चौकोनी झाल्यावर पुन्हा उलगडली. “अगदीच येत नाही असं नाही. समोर बसून सावकाश बोललं की येतं. थोडं तोंडाकडे बघून कळतं.”

“कधीपासून?”

“तुझे काका गेल्यावर लक्षात आलं. ते एवढ्या मोठ्याने बोलायचे, की मला वाटायचं माझे कान चांगले आहेत.”

“मग कुणाला सांगितलं का नाहीस? निदान ‘काय?’ म्हणून विचारायचंस.”

“कॉन्व्हेंट शाळेत सिस्टर सांगायच्या, मोठ्या माणसांसमोर ‘काय?’ म्हणणं असभ्य. ‘पार्डन’ म्हणायचं, तेही एकदाच. दुसऱ्यांदा ऐकू आलं नाही तर हसायचं आणि हो म्हणायचं.”

“मी कुठे मोठी माणूस आहे?”

“सवय गं. आणि तू तरी विचारत कुठे होतीस, टिटवे? तू सांगत होतीस.”

हे मावशीने टोमणा म्हणून म्हटलं नव्हतं, पण टिटवीला ते कप्तानच्या टबापेक्षा जड गेलं. करपलेलं पातेलं तिच्या डोळ्यांसमोर आलं. त्या दिवशी तिने न्हाणीघरातूनच विचारलं होतं.

दुसऱ्या दिवशी तिने कानाच्या डॉक्टरांचा विषय काढला. मावशीने साफ नकार दिला. “कानात यंत्र घालून मी काय रेडिओ होऊ?”

“बरं, राहिलं,” टिटवी म्हणाली. “मग माझं एक काम कर. मी तोंडाने बोलणारच नाही. पाण्याखाली कुठे बोलता येतं? मी हातांनी शिकवते, तू शीक.”

आणि त्या घरात एक निराळाच वर्ग सुरू झाला. मावशीने चष्मा काढून मास्क चढवला. अंबाड्यावरून त्याचा पट्टा जाईना म्हणून अंबाडा खाली बांधला. जेवणाच्या टेबलाच्या अल्याड एक आणि पल्याड एक, दोघी मास्क लावून बसलेल्या, तोंडातून शब्द नाही. शेजारीण वाटी परत द्यायला आली, दारातच थबकली आणि वाटी चपलांच्या कपाटावर ठेवून गेली.

मावशी मन लावून शिकली. पण आता ती हो म्हणत नव्हती. कळलं नाही की हात आडवा हलवायची, जसं टिटवीने शिकवलं होतं. आणि पहिले दोन दिवस तो हात सारखा हलत राहिला.

“काय कळत नाही?” टिटवीने वैतागून मास्क वर केला.

“तू करतेस आणि करता करता दुसऱ्या हाताने समजावतेसही. मी कुठल्या हाताकडे बघू?”

टिटवी विचारात पडली. म्हणजे पाण्याखालीही तिची बडबड चालूच होती. फक्त तोंडाची हातात उतरली होती. तिने पुन्हा केलं. आधी खूण. मग थांबणं. मग कृती, सावकाश, एवढी सावकाश की तिला स्वतःला कंटाळा यावा. मावशीने मास्कची कड दाबली आणि नाकाने हवा सोडली, बरोबर त्याच क्रमाने. कोरड्या खोलीत काचेवर वाफ धरली.

“मावशी, हवा किती आहे?” टिटवीने दोन बोटं तळहातावर टेकवून खुणेने विचारलं. मावशीने उत्तरासाठी तिच्या हाताकडे बघितलं, पण तिथे उत्तर नव्हतं. मग तिने खाली, हवा मोजायचा काटा म्हणून समोर ठेवलेल्या गजराच्या घड्याळाकडे बघितलं आणि बोटांनी आकडा दाखवला. टिटवी तिथेच थांबली. या प्रश्नाचं उत्तर कुणाच्या हातावरून उचलता येत नव्हतं. त्यासाठी आपल्या काट्याकडे बघावंच लागत होतं.

ही खूण काही नवी नव्हती. पहिल्या आठवड्यात शिकवतात. पण ती हवेसाठी शिकवतात. माणूस शुद्धीवर आहे की नुसता मान हलवतोय, हेही तिने कळतं, हे टिटवीच्या डोक्यात त्या टेबलावर शिरलं.

मधल्या काळात मावशी एके दिवशी कुणाला न सांगता कानाच्या डॉक्टरांकडे जाऊन आली. “तू एवढे सूट धुतेस, मग मला एवढं नको करायला?” एवढंच म्हणाली. यंत्र यायला थोडे दिवस लागणार होते.

परीक्षेच्या दिवशी त्याच बाई, तोच तलाव, विद्यार्थ्यांत मदतीला पुन्हा लंबू. धडा निघाला तोही तोच. बाईंनी मुद्दाम दिला की चिठ्ठीच तशी निघाली, कोण जाणे. तिने खूण केली, थांबली, करून दाखवलं. लंबूने मास्क उचलला, पाणी आत घेतलं, दाबल्यासारखं केलं. ठीक? ठीक. गोलाला गोल. टिटवी हलली नाही. तिने दोन बोटं तळहातावर टेकवली. लंबूनेही दोन बोटं तळहातावर टेकवली.

बाईंनी त्याला काय पढवलं होतं ते टिटवीला पाण्याखालीच कळलं. ती पुढे सरकली, त्याच्या खांद्याचा पट्टा हलकेच धरला आणि मास्कच्या काचेत डोकावली. नाकपुडीपर्यंत पाणी होतं आणि त्यात लंबू डोळे मिचकावत होता. तिने त्याला जागेवरच ठेवलं, पुन्हा सावकाश करून दाखवलं, त्याच्याकडून करवून घेतलं, पाणी पूर्ण निघेपर्यंत. मग पुन्हा विचारलं, हवा किती? लंबूने काट्याकडे बघून बोटं दाखवली. तेव्हा कुठे तिने पट्टा सोडला.

सगळं असं गुळगुळीत झालं नाही. वर आल्यावर काठाला धरून धड्याचा आढावा घ्यायचा होता. सुटल्याच्या आनंदात टिटवीचा धबधबा पुन्हा सुरू झाला आणि शेवटी आलंच, “समजलं ना?” कप्तानने बाकावरून टोपी डोळ्यांवर ओढली. टिटवी थांबली. “नाही,” ती म्हणाली. “लंबू, तू सांग. तुझ्या मास्कमध्ये पाणी का राहिलं होतं?”

लंबूने सांगितलं. चुकीचं सांगितलं. तिने दुरुस्त केलं आणि पुन्हा विचारलं.

बाईंनी कागदावर काहीतरी लिहिलं. पास झाल्याचं सांगताना म्हणाल्या, “बोलता फार. पण आता ऐकता.”

“पाटीवर शिक्षकाचं नाव काय लिहू?” कप्तानने दुकानात परतल्यावर विचारलं. “टिटवी लिहिलं तर लोक पक्षी बघायला येतील.”

टिटवी पायऱ्या चढून घरी आली. मावशी ओट्यापाशी पाठमोरी उभी होती, दूध तापत होतं. टिटवी दारातच उभी राहून म्हणाली, “मावशी, पास झाले.”

“हो,” मावशी न वळता म्हणाली.

टिटवीचा चेहरा उतरला. ती पुढे झाली. “काय ‘हो’? मी काय म्हणाले?”

मावशी वळली. पांढऱ्या केसांखाली, कानामागे, बटणाएवढं काहीतरी होतं. “पास झालीस म्हणालीस. आणि जरा हळू बोल. केवढ्याने ओरडतेस तू, मला आजवर कुणी सांगितलंच नाही.” तिने गॅस बंद केला आणि टिटवीला जवळ घेतलं.

त्या संध्याकाळी मावशीने रोजच्याप्रमाणे रोजनिशीत लिहिलं: भाची पास. सोमवारपासून शिक्षक म्हणून रुजू. दंतवैद्याने पुन्हा नाव नोंदवलं म्हणते. कानाचं यंत्र दुपारी आणलं, उजव्या बाजूला थोडं टोचतं. स्वयंपाकघरातल्या नळाचा वायसर बदलून घेतला.